वाफसा बघूनच गाडी घाला



आजची नोंद पिकावर नाही, गाडीवर आहे. पण शेवटी सगळं जमिनीवरच येतं, म्हणून याच पानावर लिहितोय.

आमच्या पाटण तालुक्यात पावसाळा लागला की शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते. कुणी सडावाघापूरचा उलटा धबधबा बघायला येतं, कुणी नुसतं चिखलात गाडी घालायला येतं. २०२० साली नवी थार आली, २०२३ ला पाच दारांची जिम्नी आली, तेव्हापासून हे जास्तच दिसतंय. आणि आता फक्त पुण्या-मुंबईचीच पोरं येतात असंही नाही. आपल्यातल्याच कुणाच्या पोरानं, कुणाच्या भाच्यानं हप्त्यावर फोर बाय फोर घेतलेली असते. मग विचारतात, "नाना, पयल्यांदा ट्रेलला निघालोय, काय काय बघू?" त्यांच्या डोक्यात टायर, विंच आणि छतावरचे लाईट असतात.

माझं मत सरळ सांगतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं आधी वाफसा शिकावा, गाडी मग शिकावी. आणि पहिली ट्रेल पावसाळ्यात करूच नये. दिवाळी झाली, वाटा सुकल्या की मग निघावं, ते होळीपर्यंत. पावसाळ्यात शिकायला जाणारा शिकत काही नाही. तो रुततो, आणि आमची वाट घालवून जातो.

वाफसा म्हणजे काय, हे गाडीवाल्यासाठी

शेतकऱ्याला हे सांगायला नको. पण गाडी घेतलेल्या पोरानं बरेचदा औत धरलेलं नसतं, म्हणून लिहितो. पाऊस उघडला की आपण लगेच रानात औत घालत नाही. मूठभर माती वीतभर खोलीवरून काढायची, दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. गोळा फुटला तर वाफसा आला. नुसता चपटा झाला तर रान अजून ओलं आहे, घरी जा. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला की मातीतल्या पोकळ्या दबतात, हवा-पाणी खेळायची जागा बंद होते, ढेकळं दगडासारखी होतात आणि मुळी खाली जात नाही. जे दोन टनाच्या ट्रॅक्टरनं होतं तेच दीड-पावणेदोन टनाच्या जीपनं होतं. मातीला काय कळतंय वर कोण बसलंय ते!

गाडीवाल्यासाठी याहून सोपी परीक्षा आहे. वाट आधी चालून बघायची. टाच जोरात दाबायची. टाचेच्या खड्ड्यात पाणी वर आलं तर गाडी घालायची नाही. टाच नुसती उमटली तर बघून जायचं. उमटलीच नाही तर खुशाल जा.

जमीन ओळखायला पण शिका. मुरमाड वाट पाऊस उघडल्यावर लवकर निथळते आणि गाडी पेलते. नवख्यानं मुरमाच्या वाटेवरच शिकावं. काळी माती पाण्यानं फुगते, टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. वरून पापुद्रा सुकलेला दिसतो, खाली लोणी असतं. फसतात ते तिथंच. सड्यावरचा जांभा दगड कडक असतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं आणि ब्रेक दाबला तरी गाडी चालत राहते. त्या जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि त्यातच सगळी फुलं, गवत येतं. कासचं पठार असंच आहे, २०१२ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. आमचे बाकीचे सडे यादीत नसले तरी माती तेवढीच पातळ. टायर एकदा फिरला की ती खरवडून जाते, परत साठायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. आणि भाताचं खाचर? तिथं पीक असो, नसो, गाडी घालायचीच नाही. ते कुणाचं तरी पोट आहे.

वाट कुणाची, हे आधी विचारा

मोबाईलच्या नकाशावर रेघ दिसते म्हणून ती वाट सगळ्यांची होत नाही. आमच्याकडची वाट एकतर पाणंद असते, नाहीतर बांधावरची वहिवाट, नाहीतर गायरान, नाहीतर वनखात्याची हद्द.

पाणंद मिळवायला काय लागतं ते शेतकऱ्याला विचारा. बांधावरून वाट पाहिजे तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं अर्ज. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली दावा. भाऊ-भाऊ वर्षानुवर्षं एका वाटेसाठी बोलत नाहीत. २०२१ साली सरकारनं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली ती उगाच नाही. शेतातला माल रस्त्यापर्यंत आणायला वाट नाही, हे आपलं जुनं दुखणं आहे. अशा वाटेवर जुलै महिन्यात चार जड गाड्या चाकं फिरवत गेल्या की गुडघाभर चाकोऱ्या पडतात. पुढच्या पावसाला त्याच चाकोरीतून पाणी धावतं आणि वाटेचा ओढा होतो. मग भाताचा तरवा डोक्यावरून न्यायचा, दुधाची किटली खांद्यावरून आणायची. म्हातारं माणूस आजारी पडलं तर झोळी करून डांबरीपर्यंत आणायचं. गाडीवाल्याचा एक रविवार होतो आणि आमचा हंगाम जातो. माझा राग येवढ्यासाठी आहे. गाडीवर राग नाही.

म्हणून निघायच्या आधी गावात थांबा. चावडीपाशी, किराणा दुकानापाशी कुणालाही विचारा, "काका, ही वाट कुठं जाते, कुणाच्या रानातून जाते, गेलं तर चालेल का?" नको म्हणाले तर राम राम करून परत फिरा. कोयना अभयारण्य, चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान ही सगळी व्याघ्र प्रकल्पाची हद्द. तिथं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणं परवानगीशिवाय पाऊलसुद्धा टाकता येत नाही, गाडी तर लांबच. वाटेत फाटक बंद असेल तर उघडून गेल्यावर परत लावायचं. ते जनावरांसाठी असतं.

आता गाडीचं

एकट्यानं जायचं नाही. दोन गाड्या पाहिजेत, म्हणजे एक अडकली तर दुसरी आहे. घरी सांगून जायचं, कुठून जाणार आणि किती वाजता येणार. खोऱ्यात रेंज नसते. दुपारी तीन वाजले की जिथं असाल तिथून परत फिरायचं. अंधारात घाट उतरायला शिकायची ती वेळ नव्हे.

बरोबर काय घ्यायचं ते सांगतो: टायरची हवा मोजायचं मीटर, हवा भरायचा छोटा पंप, खोरं, पहार, चार रिकामी पोती, चांगला पट्टा आणि तो अडकवायच्या दोन मजबूत शॅकल, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी. विंच, स्नॉर्कल, छतावरचे लाईट पहिल्या वर्षी काही लागत नाही.

हवा कमी करणं हे सगळ्यात मोठं शहाणपण आहे. लोखंडी धावेची बैलगाडी वाट कशी चिरत जायची आणि डनलॉप आल्यावर तेच ओझं किती हलकं जायला लागलं, हे जुन्या माणसांनी बघितलंय. टायर जेवढा पसरेल तेवढं वजन वाटलं जातं. डांबरीवर ३० ते ३५ पीएसआय असलेली हवा मातीच्या वाटेवर २० ते २२ वर आणा. नवख्यानं १५ च्या खाली जाऊ नये, वळताना टायर रिमवरून सुटतो. हवा कमी असताना गाडी हळू चालवायची आणि डांबरीला लागायच्या आधी परत भरायची. शेतीतज्ज्ञ मंडळी म्हणतील की हवा कमी केल्यानं वरचा थर वाचतो, खोलवरचा दाब वजनावर ठरतो. खरं आहे. म्हणूनच पहिली अट वाफशाची, हवा त्यानंतर.

फोर हाय आणि फोर लो चढण लागायच्या आधी टाका, अडकल्यावर नाही. फोर लो टाकताना गाडी थांबवायची. या गाड्यांत फोर बाय फोर टाकून कोरड्या डांबरीवर चालवायचं नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर चालतात, डांबरीवर टायर घसरू शकत नाही, सगळा ताण आतल्या गिअरांवर येतो. ट्रॅक्टरचं डिफरन्शियल लॉक दाबून वळू नये म्हणतात, तसंच हे.

चढणीला सरळ तोंडानं जायचं, तिरकं नाही. मध्येच गाडी बंद पडली तर वळवायला बघू नका, आडवी झाली की लोळते. ब्रेक दाबून धरा, रिव्हर्स टाका, इंजिन चालू करा आणि सरळ मागं या, हळूहळू, आलात त्याच वाटेनं. उतारावर फोर लो, पहिला गिअर, क्लचवरचा पाय बाजूला. इंजिनच गाडी धरून ठेवतं. भरलेली ट्रॉली घाटातून न्यूट्रलमध्ये सोडणारा माणूस आपण शहाणा मानत नाही, तसंच इथं.

चाकोऱ्या खोल असतील तर चाकं चाकोरीत घालू नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर, एक कडेवर ठेवून जा, नाहीतर गाडीचं पोट टेकतं आणि चारी चाकं हवेत फिरतात. पण कड म्हणजे कुणाचा बांध असेल तर ते पण नाही. मग चालत मागं या आणि दुसरी वाट बघा. स्टेअरिंग धरताना अंगठे आतून घालू नका, चाक दगडाला आपटलं की स्टेअरिंग झटका मारतं, जुन्या जीपमध्ये तर फारच. पट्टा सगळ्यांनी बांधायचा. मागं उभं राहणं, टपावर बसणं बंद. आणि दारू पिऊन तर डांबरीवरही नको.

पाण्याबद्दल वेगळं सांगतो. गाडीच्या पुस्तकात किती खोल पाण्यातून जाईल ते लिहिलेलं असतं. तो आकडा थांबलेल्या पाण्याचा असतो. आमचा ओढा थांबलेला नसतो. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं. तळ दिसत नसेल आणि चालत पलीकडं जायची हिंमत होत नसेल तर गाडीही न्यायची नाही. फरशीवरून पाणी चाललंय आणि गावकरी काठावर बसलेत, तर तुम्ही पण बसा. ते उगाच बसलेले नसतात.

उन्हाळ्याकडं वेगळीच भीती. वाळल्या कुसळी गवतात गाडी उभी करू नका. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी जाळायची सोय असते, त्या वेळी खालचा पाईप फार तापतो. एका ठिणगीला अख्खा डोंगर जातो, सोबत वर्षाची वैरण. आणि घरी जायच्या आधी टायर, मडगार्ड धुवा. चिखलाबरोबर गाजर गवताचं बी जातं. १९५५ च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं गवत आज कुठं नाही ते सांगा.

रुतली तर

इथं आपले शेतकरी पण वाचा, कारण बोलावणं आपल्यालाच येतं.

गाडी रुतली की पहिलं काम म्हणजे ॲक्सिलेटर सोडणं. चाक जेवढं फिरेल तेवढं खाली जाईल. खाली उतरा, चाकापुढची माती खोऱ्यानं काढा, पोती अंथरा, हवा आणखी थोडी कमी करा, हळू काढा. दहापैकी सात-आठ वेळा एवढ्यावर निघते.

नाही निघाली तर ट्रॅक्टर. आणि ट्रॅक्टरवाल्या भावांनो, इथं जीव जातो. दोर कधीही टॉप लिंकला किंवा ॲक्सलला बांधायचा नाही. खालच्या ड्रॉबारलाच बांधायचा. पुढची गाडी हलत नसली आणि आपण क्लच सोडला की मागची चाकं फिरू शकत नाहीत, मग ट्रॅक्टरच चाकांभोवती फिरतो, तोंड वर उचलतं आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत मागं उलटतो. उडी मारायला वेळ नसतो. दोर ड्रॉबारला असला की ओढ खालून लागते, तोंड खाली राहतं. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरना डोक्यावर लोखंडी सांगाडाही नसतो. लहान गिअर, क्लच हळू, झटका नाही.

दोर म्हणून यारीचा जुना वायररोप आणू नका. तो तुटला की चाबकासारखा येतो आणि माणूस कापतो. ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला बांधू नका, तो निसटून गोळीसारखा सुटतो. कंपनीनं दिलेल्या ओढायच्या हुकालाच बांधा. दोरावर मध्ये ओली गोणपाटं टाका. बघे लोक दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. ताणलेल्या दोरावरून ओलांडून जायचं नाही, आणि व्हिडिओ काढणाऱ्याला आधी हाकला.

बंदी की व्यवस्था?

आमच्या गावात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो वाटेवर आडवा चर खणा, गाड्या बंद. दुसरा म्हणतो येऊ द्या, पिठलं-भाकरी विकली जाते, गाडी काढायचे दोन हजार मिळतात.

चर खणून आपलीच ट्रॉली आणि आपलीच ॲम्ब्युलन्स अडते. म्हणून चराला माझा विरोध आहे. पण दुसऱ्यांना पण सांगतो, ज्याला गाडी रुतल्यावर पैसे मिळतात त्याला वाट सुधारावी असं कशाला वाटेल? दोन हजार एकाच्या खिशात जातात आणि मुरूम टाकायची वेळ आली की वर्गणी सगळ्यांकडून. हे बरोबर नाही.

काही जण म्हणतील, नाना, आपले ट्रॅक्टर काय वाट राखतात? चिखलणीची लोखंडी चाकं न काढता पाणंदीतून जाणारे आपल्यातही आहेत. खरं आहे, त्यांना पण हेच लागू. फरक एवढाच की आपल्याला त्याच वाटेनं परत यायचं असतं, म्हणून कधीतरी दगड तरी टाकतो.

माझं म्हणणं असं. ग्रामसभेत बसून ठरवावं. जूनपासून वाटा सुकेपर्यंत पाणंदीत बाहेरच्या गाड्यांना विनंती करून थांबवावं, तसा फलक लावावा. वाटा सुकल्या की मुरमाची एक वाट दाखवून द्यावी, नवख्यांना शिकायला जुनी मुरमाची खाण आहेच. येणाऱ्याकडून जे काही घ्यायचं ते ग्रामपंचायतीत पावती करून घ्यावं आणि त्यातून उन्हाळ्यात पाणंदीवर मुरूम पडावा. म्हणजे येणाऱ्या पोरांना पण कळेल की आपण कुणाच्या तरी वाटेवरून चाललोय, आणि गावाला पण गाड्या डोळ्यात खुपणार नाहीत.

आपल्या पोरांना एवढं जरूर वाचून दाखवा. गाडीच्या शोरूममध्ये सगळी बटनं समजावून सांगतात, वाफसा कुणी सांगत नाही. तो आपणच सांगायचा.

यंदा पाटण भागात परतीचा पाऊस लांबला तर वाटा सुकायला उशीर लागेल. निघायच्या आधी गावात कुणाला तरी फोन करा. तुमच्या गावानं पाणंदीसाठी काही नियम केला असेल तर कळवा, आमच्या ग्रामसभेत मांडतो.

जय जवान, जय किसान.